माशीची ओळख रंगावरून की पंखांच्या शिरांवरून?

पिकावर कीड दिसली की मोबाईलवर तिचे छायाचित्र काढावयाचे आणि ते गावच्या कृषी कर्मचाऱ्याकडे पाठवावयाचे, ही रीत आता खेडोपाडी रूढ झाली आहे. रीत चांगलीच आहे. पूर्वी कीड ओळखून घेण्यासाठी शेतकऱ्यास तालुक्याच्या गावी खेप घालावी लागे व तोवर कीड आपले काम उरकून मोकळी होई. महाराष्ट्रात २००९ साली क्रॉपसॅप या नावाने कीड व रोग सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय असलेली राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. त्यामुळे शेतातून आलेल्या छायाचित्राला पूर्वी नव्हते एवढे महत्त्व आले आहे. अळ्यांच्या बाबतीत या सोयीचा उपयोग निश्चित होतो. अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावरील इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी खूण साध्या मोबाईलच्या छायाचित्रातही उमटते व तेवढ्यावरून सल्ला देता येतो.

लहान माश्यांचे मात्र तसे नाही. दोन ते आठ मिलिमीटर लांबीचा हा जीव; तो पानावर बसलेला असताना दोन हात अंतरावरून घाईने घेतलेले छायाचित्र; त्यात दिसतो तो एक पिवळसर किंवा काळसर ठिपका. त्या ठिपक्याच्या रंगावरून ‘ही फळमाशी’, ‘ही नागअळीची माशी’ असे उत्तर दिले जाते आणि त्या उत्तराबरोबरच औषधाचे नावही जाते. कीटकशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर म्हणजे अंदाज होय. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र तो सरकारी सल्ला असतो. तो त्यावर पैसे खर्च करतो. म्हणून लहान माश्यांची ओळख रंगावरून करण्याची सवय सोडून ती पंखांतील शिरांच्या रचनेवरून करण्याची सवय गावपातळीवरील कर्मचाऱ्यांना लावली पाहिजे, आणि छायाचित्र घेण्याची पद्धतही त्याच हेतूने बदलली पाहिजे, असे स्पष्टपणे म्हणावयाची वेळ आली आहे.

चुकीच्या ओळखीने काय होते याचे सर्वांत बोलके उदाहरण कारली, दोडका, काकडी यांच्या मांडवात पाहावयास मिळते. मांडवाभोवती पिवळे-काळे पट्टे असलेली एक माशी हवेत जागच्या जागी थरथरत उभी राहते, फुलावर बसते, पुन्हा उडते. फळे तर किडलेली असतातच. शेतकरी या माशीचे छायाचित्र पाठवितो आणि ‘फळमाशीचा उपद्रव आहे, फवारणी करा’ असे उत्तर येते. प्रत्यक्षात ती सिरफिड माशी असते. तिच्या कित्येक जातींच्या अळ्या मावा खाऊन जगतात. एकेक अळी वाढीच्या काळात माव्याचे शेकडो जीव फस्त करते. म्हणजे शेतकरी स्वतःच्या पैशाने स्वतःचा राखणदार मारतो, आणि ज्या फळमाशीने फळे किडवली तिच्या अळ्या फळाच्या गरात सुरक्षितच राहतात. कारण वरून केलेली फवारणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पुढे मावा वाढला की दुसरी फवारणी करावी लागते. या दुसऱ्या फवारणीचे मूळ पहिल्या छायाचित्रात होते, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

या दोन माश्यांचा रंग सारखा, आकार जवळजवळ सारखा. पंख मात्र अगदी निराळे आहेत, आणि ते निराळेपण पाहावयास सूक्ष्मदर्शक लागत नाही.

ते समजण्यासाठी पंखाची रचना थोडी लक्षात घ्यावी. खऱ्या माशीला दोनच पंख असतात. मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या आकाराचे दोन लहान समतोलक असतात. उडताना तोल सांभाळणे हे त्यांचे काम. पंख म्हणजे एक पातळ पारदर्शक पापुद्रा. त्याला ताठपणा देणाऱ्या पोकळ नळ्या म्हणजे शिरा. पंखाच्या पुढच्या काठाने जाते ती काठशीर. तिच्या लगेच मागे असते ती उपकाठशीर. मग पंखाच्या मुळापासून टोकाकडे जाणाऱ्या आणखी काही लांब शिरा व त्यांना जोडणाऱ्या एकदोन आखूड आडव्या शिरा. या शिरांमुळे पंखाचे जे भाग पडतात त्यांना कप्पे म्हणावे. शेताला बांध घातल्यावर वाफे पडतात तसे ते दिसतात. शास्त्रात या शिरांना कोस्टा, सबकोस्टा, रेडियस, मीडिया, क्युबिटस अशी नावे आहेत. निरनिराळ्या कीटकांच्या पंखांतील शिरा मूळच्या एकाच रचनेतून आल्या आहेत, हे ध्यानात घेऊन सर्व कीटकांना एकच नामावली लावण्याचे काम कॉमस्टॉक व नीडहॅम या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये सुरू केलेल्या लेखमालेत केले. त्याच्याही आधी, १८०७ साली, जिनीव्हाच्या लुई ज्युरीन यांनी गांधीलमाश्या व त्यांच्या भाऊबंदांची वर्गवारी पंखांच्या शिरांवरून मांडून दाखविली होती. तेव्हा ही काही नव्याने निघालेली टूम नव्हे. आपल्याकडे ब्रुनेटी यांनी भारतातील माश्यांवर जे ग्रंथ १९१२ ते १९२३ या काळात लिहिले, तेही पंख जवळ ठेवून वाचावयाचे ग्रंथ आहेत.

शिरांचा मोठा गुण हा की त्या बदलत नाहीत. माशीचा रंग वयाप्रमाणे बदलतो. किडलेली फळे बरणीत ठेवून त्यांतून निघालेल्या माश्यांचे छायाचित्र त्याच दिवशी घेतले तर त्या फिकट, मळकट दिसतात; अंगावरचे पिवळे पट्टे व पंखावरचे तपकिरी डाग उठून येण्यास काही दिवस लागतात. सापळ्यातील पाण्यात भिजून पडलेल्या माशीचा रंग उतरतो. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या माशीचा पिवळा रंग पांढुरका होतो. सायंकाळच्या उन्हात घेतलेल्या छायाचित्रात तर काळी माशीही तांबूस दिसावयाची. शिरा कोठून निघतात, कोठे वळतात आणि कोठे मिळतात हे मात्र पंख पूर्ण पसरून वाळला की कायमचे ठरून जाते. मेलेल्या, वाळलेल्या, एक पाय तुटलेल्या माशीचा एखादा पंख जरी शाबूत असला तरी तिचे कुळ सांगता येते.

आता वरील उदाहरण पुन्हा घ्यावे. सिरफिड माशीच्या पंखात लांब शिरा पंखाच्या मागच्या काठापर्यंत पोचत नाहीत. काठाच्या थोड्या आत त्या वळून एकमेकींना मिळतात, आणि त्यामुळे काठाच्या आत दुसरा काठ असल्यासारखा भास होतो. पंखाच्या मध्यभागी, दोन लांब शिरांच्या मधोमध, आणखी एक पुसट रेघ असते. ती दोन्ही टोकांना कोणत्याही शिरेला मिळत नाही. तिला खोटी शीर म्हणतात. ही खोटी शीर दिसली की शंका उरत नाही. साध्या छायाचित्रात ती कित्येकदा उमटत नाही. पण आतला काठ उमटतो व तेवढा पुरे होतो. याउलट फळमाशीच्या पंखात दोन खुणा असतात. पहिली ही की उपकाठशीर थोडे अंतर गेल्यावर जवळजवळ काटकोनात पुढच्या काठाकडे वळते व तेथेच विरून जाते. दुसरी खूण पंखाच्या मुळाशी मागच्या बाजूस आहे. तेथील लहान कप्प्याचे एक टोक सुईसारखे लांब ओढले गेलेले असते. आंब्यावरील व वेलभाज्यांवरील फळमाश्यांत हे टोक इतके लांब असते की एकदा पाहिलेला मनुष्य ते विसरत नाही. ज्या कर्मचाऱ्यास एवढा एक कप्पा ओळखता आला त्याच्या हातून सिरफिड माशीवर फवारणी करण्याचा सल्ला जाणार नाही.

फळे पडून कुजू लागली की त्यांवर दोन-तीन मिलिमीटरच्या तांबड्या डोळ्यांच्या माश्यांचा घोळका जमतो. कित्येक बागाईतदार त्यांनाच फळमाशी समजतात. यात त्यांचा दोष नाही. इंग्रजी पुस्तकांतही या दोहोंना एकच नाव चालते. या ड्रॉसोफिला माश्या पिकून फुटलेल्या, आंबलेल्या फळावर येतात. झाडावरील निकोप आंब्यास वा पेरूस त्या किडवीत नाहीत. त्यांच्या पंखाच्या काठशिरेत दोन ठिकाणी तुटक खाच असते आणि मुळाशी ते सुईसारखे टोक नसते. त्यांच्यासाठी बागेत फवारणी करणे म्हणजे उकिरड्यावर पहारा बसविणे होय. पडलेली फळे रोज गोळा करून खोल पुरणे किंवा जाड पिशवीत बंद करून उन्हात ठेवणे हा उपाय या माश्यांना लागू पडतो व खऱ्या फळमाशीलाही लागू पडतो. कारण तिच्या अळ्या फळातून बाहेर पडून जमिनीत कोष करतात. हा उपाय ओळख पटण्यापूर्वीच सुरू करण्यास हरकत नाही.

‘फळमाशी’ एवढे कळले म्हणजे काम संपले असेही नाही. खरा पैशाचा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. पुसा येथील हाउलेट यांनी सिट्रोनेला तेलाकडे काही फळमाश्यांचे नर ओढले जातात हे १९१२ साली नोंदविले, आणि १९१५ मध्ये त्यातील मिथाइल युजेनॉल या द्रव्याचे गुण दाखवून दिले. भारताच्या भूमीवर लागलेला हा शोध आज जगभर वापरला जातो व कोकणातील आंब्याच्या बागांत टांगलेले सापळे त्याच तत्त्वावर चालतात. परंतु या गंधाकडे सर्वच फळमाश्या येत नाहीत. आंबा व पेरू यांवरील बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, झोनाटा व करेक्टा या तीन जातींचे नर मिथाइल युजेनॉलकडे येतात. काकडी, कारली, दोडका, पडवळ, भोपळा यांवरील झ्युगोडॅकस कुकर्बिटी या जातीचे नर क्यू-ल्यूर नावाच्या दुसऱ्याच द्रव्याकडे येतात. बोरांवरील कार्पोमिया ही माशी तिसऱ्याच प्रकारची. ती या दोहोंपैकी कोणत्याही सापळ्यात सापडण्याची आशा धरू नये. कारल्याच्या मांडवात आंब्याचा सापळा टांगून महिनाभर वाट पाहणारे आणि सापळा रिकामा राहिला म्हणून ‘आमच्याकडे फळमाशी नाही’ असे समाधान मानणारे शेतकरी आजही भेटतात. शेजारच्या बागेतील आंब्याच्या माश्या त्या सापळ्यात येऊन पडल्या तर घोटाळा आणखीच वाढतो; मग सापळा भरलेला आणि कारली तरीही किडलेली, असा प्रकार होतो.

येथेही पंखच उपयोगी पडतो. आंब्यावरील डॉर्सालिसच्या पंखाच्या पुढच्या काठाने एक अरुंद गडद पट्टा टोकापर्यंत जातो, आणि आडव्या शिरा स्वच्छ असतात. झोनाटा व करेक्टा यांत हा पट्टा सलग नसतो. पंखाच्या टोकाशी एक लहान डाग तेवढा असतो. वेलभाज्यांवरील कुकर्बिटीच्या पंखाचा काठपट्टा टोकाशी रुंदावून मोठा डाग होतो आणि बाहेरच्या आडव्या शिरेवर शाईचे बोट पुसावे तशी गडद छटा असते. पाठीवर पिवळ्या रेघा दोनऐवजी तीन असतात. वेलभाज्यांवरच येणारी टाऊ नावाची जात दिसावयास हिच्यासारखीच, पण तिच्या आडव्या शिरेवर ती छटा नसते. ती क्यू-ल्यूरकडेच येते. तेव्हा सापळा निवडताना हा शेवटचा भेद कळला नाही तरी शेतकऱ्याचे नुकसान होत नाही. पंखावरील डाग हे रंगाचेच लक्षण झाले, मग रंगावर विश्वास कसा ठेवावयाचा, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की डाग कोठे आहे हे शिरांच्या आधाराने सांगता येते. ‘पंखावर काळे आहे’ ही ओळख नव्हे. ‘बाहेरच्या आडव्या शिरेवर काळे आहे’ ही ओळख होय. नुकत्या निघालेल्या माशीत हे डाग फिके असतात, म्हणून बरणीतून निघालेल्या माश्यांना साखरपाणी देऊन चार-पाच दिवस जगवावे आणि मग छायाचित्र घ्यावे.

निर्यातीच्या दृष्टीने या ओळखीची किंमत काय आहे, हे महाराष्ट्रातील बागाईतदारांनी एकदा अनुभवले आहे. भारतातून गेलेल्या मालात फळमाशी व इतर किडी वारंवार सापडल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा, वांगी, अळू, कारली व पडवळ यांच्या आयातीस बंदी घातली. ऐन हापूसच्या हंगामात ही बंदी आली. आंब्यावरील बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. त्यानंतर उष्णजल व बाष्प प्रक्रिया यांवर भर देण्यात आला हे योग्यच झाले. परंतु प्रक्रिया हा शेवटचा उंबरठा आहे. बागेत कोणती माशी आहे, केव्हा वाढते, हे बागेतच कळले तर त्या उंबरठ्यावर माल अडण्याचे कारण कमी होईल.

लहान माश्यांच्या बाबतीत नावांचाही मोठा गोंधळ आहे. पांढरी माशी ही माशीच नव्हे. तिला पिठूळ असे चार पंख असतात व ती मावा-तुडतुड्यांच्या गोतावळ्यातील आहे. ज्वारीवरील पोंगेमर करणारी ती खोडमाशी आणि सोयाबीनचे खोड पोखरणारी तीही खोडमाशी. या दोन्ही खऱ्या माश्या असल्या तरी त्यांची कुळे निराळी आहेत. येथे मात्र पंख पाहात बसण्याचे कारण नाही. ज्वारीचा सुकलेला पोंगा ओढताच हातात आला व त्याच्या बुडाशी कुजका वास असला की निदान झाले. सोयाबीनचे खोड उभे चिरले आणि आत तांबूस पोकळी व अळी दिसली की तेथेही निदान झाले. पीक स्वतःच जेथे साक्ष देते तेथे ती साक्ष आधी घ्यावी. शिरांचे ज्ञान हे मिरविण्याचे भूषण नव्हे.

टोमॅटो, घेवडा, काकडी यांच्या पानांवरील नागमोडी पांढऱ्या रेषांच्या बाबतीत परिस्थिती याहून नाजूक आहे. अशी पाने बरणीत ठेवून वर पातळ कापड बांधले तर आठ-दहा दिवसांत त्यांतून दीड-दोन मिलिमीटरचे जीव बाहेर पडतात. शेतकरी त्या सर्वांना नागअळीच्या माश्या समजतो आणि संख्या पाहून घाबरतो. परंतु त्यांतील कित्येक जीव नागअळीच्या शरीरावर वाढलेल्या परोपजीवी गांधीलवर्गी कीटकांचे असतात. साध्या डोळ्यांना दोन्ही सारखेच बारीक दिसतात. भिंगातून पंख पाहिला की भेद तत्काळ कळतो. नागअळीच्या माशीला दोन पंख, त्यांत अनेक लांब शिरा, आणि काठशिरेत उपकाठशिरेच्या टोकाशी एक खाच. परोपजीवी किटकाला चार पंख. त्यांतील पुढच्या पंखात काठाने जाणारी एकच आखूड शीर आणि तिला फुटलेला एक लहानसा फाटा, बाकी पंख कोरा. बरणीत अशा कोऱ्या पंखांचे कीटक अधिक निघाले तर फवारणीस हात लावू नये. नागअळीवर वारंवार तीव्र औषधे मारल्याने हे मित्रकीटक आधी मरतात आणि नागअळी पूर्वीपेक्षा वाढते, हा अनुभव अनेक देशांतून नोंदला गेला आहे. २०१४ मध्ये पुणे भागात टोमॅटोवर टुटा नावाचा पतंगही दाखल झाला आहे. त्याची अळीही पान पोखरते, पण तिचे पोखरणे नागमोडी रेषेऐवजी रुंद चट्ट्यासारखे असते. बरणीतून खवल्यांनी झाकलेले चार पंख असलेला जीव निघाला तर तो या पतंगाचा, माशीचा नव्हे.

अळिंबीच्या शेडमध्ये उडणाऱ्या काळ्या चिलटांचीही अशीच गत आहे. मध्यभागी चिमट्यासारखी दोन फाट्यांत विभागलेली शीर दिसली तर ती सियारिड. पुढच्या काठाशी दोन-तीन जाड शिरा एकवटलेल्या आणि बाकी पंखात केवळ पुसट तिरप्या रेघा दिसल्या तर ती फोरिड. भातावरील गादमाशी ही डासासारखी दिसते खरी, पण तिच्या पंखात तीन-चारच लांब शिरा असतात. डासाच्या पंखात शिरांची दाटी असते व त्यांवर खवले असतात. प्रकाश सापळ्यात सापडलेल्या प्रत्येक डासाला गादमाशी म्हणून नोंदविले गेले तर सर्वेक्षणाचे आकडे कोणत्या उपयोगाचे?

हे सर्व गावपातळीवरील कर्मचाऱ्याकडून अपेक्षिणे जास्त होईल, त्याच्यावर आधीच योजनांचा भार आहे, असा एक आक्षेप घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहे. परंतु येथे माश्यांची सर्व कुळे पाठ करावयाची नाहीत. ज्याच्या भागात आंबा आहे त्याने फळमाशी, सिरफिड व ड्रॉसोफिला या तिघींचे पंख ओळखावेत. ज्याच्या भागात टोमॅटो आहे त्याने नागअळीची माशी व तिचे परोपजीवी ओळखावेत. एका दुपारच्या प्रशिक्षणात हे होण्यासारखे आहे. प्रत्येक तालुका कार्यालयात दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून ठेवलेल्या दहा-बारा पंखांचा एक लहान संच असावा. तक्ते व भित्तिपत्रके छापण्यावर जो खर्च होतो त्याच्या मानाने या संचाचा खर्च नगण्य आहे. भित्तिपत्रकावर माशी बोटभर लांब व रंगीत काढलेली असते. शेतात ती तशी कधीच भेटत नाही.

दुसरा आक्षेप असा की संगणकीय प्रणाली आता स्वतःच ओळख सांगते, मग माणसाने शिरा कशाला मोजाव्यात? पण प्रणालीला जे छायाचित्र दिले जाते त्यात जे नाही ते तिला तरी कोठून दिसणार? अंधुक ठिपक्यावरून तीही रंगाचाच अंदाज करते, आणि तिचे उत्तर ठाम शब्दांत येत असल्यामुळे चूक अधिक विश्वासाने पसरते. पंख स्पष्ट दिसणारे छायाचित्र दिले तर प्रणालीचेही काम सुधारेल. आलेले उत्तर पंखाशी ताडून पाहणारा एक जाणता माणूस मध्ये असणे मात्र पुढेही आवश्यकच राहील.

तेव्हा छायाचित्र कसे घ्यावे हे थोडे विस्ताराने सांगणे उचित होईल. जिवंत माशीच्या मागे मोबाईल घेऊन धावू नये. ती जाळीत किंवा पिशवीत धरून थोडा वेळ शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी किंवा स्पिरिटच्या कुपीत टाकावी. मेल्यानंतर पांढऱ्या कागदावर ठेवून दोन सुयांनी पंख बाजूला पसरवावा. पंख सुटून आला तर तोच सपाट ठेवावा, एरवीपेक्षा चांगले चित्र येते. खाली शाळेतील मुलांचा मिलिमीटरच्या चौकटींचा आलेख-कागद ठेवला तर माशीची लांबी आपोआप नोंदली जाते. हिरव्या पानावर छायाचित्र घेऊ नये, कारण पंख पारदर्शक असल्याने पानाच्या शिरा पंखातून दिसतात व माशीच्या शिरांशी त्यांची गल्लत होते. काळे कापडही नको. त्यावर पंखाच्या पातळ पापुद्र्यात इंद्रधनुष्यासारखे रंग चमकतात आणि नवखा मनुष्य ते पंखावरचे डाग समजतो. प्रकाश एका बाजूने तिरपा असावा. मोबाईलच्या काचेपुढे दहापट मोठे दाखविणारे भिंग धरावे. पडद्यावर बोटांनी चित्र मोठे करून काही साधत नाही, त्याने ठिपकाच मोठा होतो. पंखाचे एक, पाठीचे एक, बाजूने एक आणि तोंडाचे एक, अशी चार छायाचित्रे पुरतात. पाठविताना मूळ चित्र दस्तऐवज म्हणून पाठवावे. संदेशातून नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र आकाराने आटते आणि बारीक शिरा नेमक्या तेथेच नाहीशा होतात.

छायाचित्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. ज्वारीवरील खोडमाशीच्या भाऊबंद जाती एकमेकींपासून वेगळ्या करावयाच्या तर नराच्या शरीराच्या शेवटच्या खंडांतील बारीक अवयव पाहावे लागतात. पंखावरून ते काम होत नाही. आंब्यावरील डॉर्सालिसचेच पाहावे. २००३ साली केनियात सापडलेल्या एका फळमाशीला २००५ मध्ये नवी जात म्हणून बॅक्ट्रोसेरा इन्व्हॅडेन्स हे नाव देण्यात आले, आणि ती डॉर्सालिसच आहे हे अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून २०१५ मध्ये ठरविले. आकार, गंध, संकर व जनुके या सर्वांची परीक्षा झाल्यावर हा निर्णय झाला. ज्या प्रश्नास तज्ज्ञांना दहा वर्षे लागली तो मोबाईलवर दहा मिनिटांत सुटेल असे मानू नये. म्हणून छायाचित्रावरून उत्तर देणाऱ्याने जेवढे दिसते तेवढेच लिहावे. मुळाशी सुईसारखे टोक दिसले आणि डाग स्पष्ट नसले तर ‘फळमाशी, जात निश्चित नाही’ असे लिहावे. अशा वेळी वेलभाज्यांच्या मांडवात क्यू-ल्यूर व आंबा-पेरूच्या बागेत मिथाइल युजेनॉल, असे पिकाकडे पाहून सापळे लावण्यास सांगता येते. पंखच दिसत नसेल तर ‘छायाचित्र पुन्हा पाठवा’ असे लिहावे. हे उत्तर देण्यास कित्येकांना संकोच वाटतो. कार्यालयात प्रलंबित प्रकरणांची संख्या वाढते अशीही भीती असते. वरिष्ठांनी ही भीती काढून टाकली पाहिजे. न ओळखता दिलेले उत्तर निकाली प्रकरणांत मोजले जाणे आणि पुन्हा मागविलेले छायाचित्र प्रलंबितांत मोजले जाणे, हा हिशेबच उलटा आहे.

नमुना जपून ठेवावयाचा झाल्यास सत्तर टक्के स्पिरिट असलेली लहान कुपी पुरते. कुपीत पाच-सहा माश्या असाव्यात. बरणीतून निघालेल्या असतील तर ज्या फळातून वा पानातून निघाल्या त्याचे नाव, गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी कुपीच्या आत टाकावी. शाईने लिहू नये, ती स्पिरिटमध्ये विरघळते. आणि चिठ्ठी कुपीच्या बाहेर चिकटवू नये, ती वाटेत निघून पडते. जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग यांच्याकडे कुपी पाठविताना आधी घेतलेली चार छायाचित्रेही सोबत द्यावीत, म्हणजे त्या माशीचे नाव निश्चित होऊन आल्यावर तीच छायाचित्रे तालुका कार्यालयातील पंखांच्या संचाशेजारी ठेवता येतील.